लुडोचे दोन फासे आणि चार शेजारी

घरातल्या पोरांना गोष्ट सांगून गुंगवता येत असेल, गावाकडच्या भुतांचे किस्से रंगवता येत असतील, किंवा ऑफिसात साहेबांची नक्कल करून चार जणांना हसवता येत असेल, तर जुईनगरकरांनो, हे तुमच्यासाठी आहे. रोलप्लेइंगचा खेळ चालवायला याहून वेगळी पात्रता लागत नाही. येत्या शनिवारी चार शेजारी जमवा आणि खेळ लावा. शनिवार मुद्दाम म्हणते आहे. रविवारी हार्बरवर मेगाब्लॉक निघाला की चेंबूरहून येणारा तुमचा चौथा खेळाडू पाच वाजता ‘आज राहू दे’ असा मेसेज टाकतो.

खेळ ठाऊक नसलेल्यांना थोडक्यात सांगते. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक सोडून बाकी सगळे एकेक पात्र घेतात आणि त्या पात्राच्या वतीने बोलतात, ठरवतात, धडपडतात. उरलेला एक तो गेम मास्टर. समोर काय दिसतंय ते तो सांगतो आणि विचारतो, ‘काय करता?’ जमेल की नाही याची खात्री नसेल तिथे फासे पडतात आणि फाशांप्रमाणे गोष्ट वळण घेते. एकाने जिंकायचं आणि दुसऱ्याने हरायचं असं यात नाही. पैसे लावायचे नसतात, हे आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवा, कारण फासे दिसले की त्यांना महाभारतच आठवतं. या खेळांची सुरुवात झाली 1974 साली. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला, तेव्हा पहिल्या खेपेला हजारच प्रती छापल्या होत्या. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेतली मुलं तळघरात बसून खेळतात तो हाच. आपल्याकडे तळघर नाही, पण सिडकोच्या घराचा हॉल आहे, सोसायटीचं ऑफिस आहे, पाऊस नसेल तर गच्ची आहे.

इतकं सोपं असून लोक अडतात ते तयारीपाशी. इंटरनेटवर परदेशी गेम मास्टरांचे व्हिडिओ पाहून त्यांना वाटतं की आधी एक अख्खं जग रचायला हवं: राज्यांचा हजार वर्षांचा इतिहास, रंगीत नकाशे, प्रत्येक गल्लीतल्या दुकानदाराची वंशावळ. मग वहीची तीस पानं भरतात, खेळाचा दिवस उजाडतो, आणि खेळाडू पहिल्या दहा मिनिटांत अशा दिशेला निघतात जिथलं एकही वाक्य वहीत नसतं. गेम मास्टर त्यांना ओढून परत आणतो. ते पुन्हा निसटतात. तासाभरात सगळे मोबाइल काढून बसतात.

तयारी कशी करावी ते सिंधुदुर्गातल्या दशावताराकडून शिका. देवळांच्या जत्रांत रात्र-रात्र चालणाऱ्या या नाटकांची संहिता लिहिलेली नसते. प्रयोगाआधी रंगपटात कथानक ठरतं, कोणी कोणतं काम करायचं ते ठरतं, प्रसंगांची साखळी सांगितली जाते, आणि नट तोंडाला रंग लावायला बसतात. संवाद रंगमंचावर उभं राहूनच रचायचे. समोरचा काय म्हणाला ते ऐकायचं आणि त्यालाच उत्तर द्यायचं. पुराणातली कथा मुरलेली असते, पात्राचा स्वभाव पक्का माहीत असतो, म्हणून जीभ अडत नाही. नवी मुंबईत मालवण-कुडाळ-सावंतवाडीचे इतके लोक आहेत की तुमच्याच मजल्यावर कोणीतरी हे बघत मोठं झालेलं सापडेल. त्यांना पहिल्या खेळाला बोलवाच. फाशांचे नियम न कळताही ते सगळ्यांना मागे टाकतील.

दशावतारात आणि आपल्या खेळात एक मोठा फरक आहे. तिथे शेवट ठरलेला असतो, राक्षस पहाटेपर्यंत मरणारच. आपण शेवट ठरवायचा नाही. गोष्ट लिहू नका, गोम लिहा. कोणाला काय हवं आहे, त्यासाठी तो काय करतो आहे, आणि कोणीच आडवं आलं नाही तर पुढे काय होईल, एवढं कागदाच्या एका बाजूवर मावतं.

एक नमुना देते, हवा तर उचला. जुईनगर आणि सानपाड्याच्या मध्ये लोकलची कारशेड आहे. रोज रात्री शेवटची गाडी आत गेल्यावर आणखी एक रिकामी गाडी येते, जिची सकाळी कुठेच नोंद नसते. (हे मी रचलं आहे, रेल्वेने मनावर घेऊ नये.) गाडीत चकवा आहे. वाटसरूला रात्रभर एकाच जागी गोल गोल फिरवणारा, आपल्या आज्यांच्या गोष्टीतला चकवा. 1970 साली सिडको आली, 95 गावांच्या जमिनी शहरासाठी घ्यायचं ठरलं, आणि शेतांतून जाणारी त्याची वाट रुळांखाली गेली. त्याला ती वाट परत हवी आहे. दुसऱ्या बाजूला एक मुकादम आहे, ज्याला चकवा दिसतो, आणि ज्याने त्याच्याकडून चोरीचं भंगार बाहेर काढायचं काम करून घ्यायला सुरुवात केली आहे. कोणीच काही केलं नाही तर? पहिल्या रात्री रखवालदार पहाटेपर्यंत यार्डात गोल फिरतो. दुसऱ्या रात्री एक मोटरमन. तिसऱ्या दिवशी जुईनगरहून सुटलेली पहिली लोकल पुढच्या स्टेशनला पोहोचते, आणि पाटीवर पुन्हा जुईनगरच.

खेळाडूंची पात्रंही इथलीच घ्या: रेल्वे कॉलनीतली मोटरमनची मुलगी, स्टेशनबाहेरचा चहावाला, सारसोळ्याचा कोळी, रात्रपाळीहून परतणारी नर्स. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, ‘त्या रखवालदाराशी तुझं काय नातं?’ चार उत्तरं आली की निम्मी तयारी खेळाडूंनीच केलेली असते. त्यांना आपला सेक्टर माहीत असतो, त्यामुळे वर्णनातही वेळ जात नाही. सेक्टर 23 आणि 24च्या सारख्या दिसणाऱ्या इमारतींमध्ये नव्या माणसाला चकव्याशिवायही चकवा लागतो, हे इथे कोणाला समजवावं लागत नाही.

बंगाली लेखिका मिमी मंडल यांनी 2022 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या पुस्तकात बंगालच्या धर्तीवरच्या नदीकाठी एक साहस रचलं. आपल्याला तर कोणाच्या परवानगीचीही गरज नाही. बेलापूरच्या किल्ल्यातून थेट घारापुरीपर्यंत भुयार जातं, असं इथले लोक सांगतात. एवढं हातात असताना आपली पोरं जर्मन नावांच्या खेड्यांत जर्मन नावांच्या बुटक्यांशी का बोलत बसतात, हे मला कळत नाही.

कागदावर आणखी दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे दहा-बारा नावं: म्हात्रे, भोईर, तांडेल, एखादे शुक्लाजी, एखादी फर्नांडिस बाई. खेळाडू हमखास ज्याचा तुम्ही विचारच केलेला नाही अशा माणसाचं नाव विचारतात, आणि तुम्ही अडखळलात की त्यांना लगेच कळतं. दुसरी गोष्ट सुगाव्यांची. जस्टिन अलेक्झांडर या अमेरिकन लेखकाने घालून दिलेला नियम मला सोन्यासारखा वाटतो: खेळाडूंना जे कळायलाच हवं, त्याचे तीन सुगावे ठेवा. दोन त्यांच्या नजरेतून सुटणारच. आपल्या गोष्टीत चकव्याची जुनी वाट कुठून जात होती हे कळायला हवं. ते गावठाणातल्या आजीला आठवतं. ते एका जुन्या नकाशात दिसतं. आणि यार्डातली कुत्री एक ठरावीक रेष ओलांडत नाहीत. तिन्ही सुटले तर चौथा तिथल्या तिथे रचा, कोणाला कळणार आहे?

आता नियम. दुकानातला वीस बाजूंचा फासा छान दिसतो, पण पहिल्या दिवशी लुडोचे दोन फासे पुरे. बेरीज 10 किंवा जास्त आली तर काम फत्ते. 7 ते 9 आली तर काम होतं, पण काहीतरी मोजावं लागतं: आवाज होतो, टॉर्च पडते, मुकादम बघतो. 6 किंवा कमी आली तर गेम मास्टर नवं संकट आणतो. ही विभागणी व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या 2010 सालच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ने रूढ केली. तिचं गणित पाहा. दोन फाशांच्या 36 शक्यतांपैकी 15 वेळा संकट येतं, 15 वेळा किंमत मोजून काम होतं, आणि फक्त 6 वेळा निर्वेध यश मिळतं. पात्राच्या हातखंड्याच्या कामाला बेरजेत 1 मिळवा, की संकटाच्या शक्यता 15 वरून 10 वर येतात आणि निर्वेध यशाच्या 6 वरून 10 वर जातात. तेवढ्याने प्रत्येकाला आपलं पात्र कशात तरी पटाईत आहे असं वाटतं. पुढे गोडी लागली तर मोठे नियम आहेतच; ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या नियमांचा गाभा 2023च्या जानेवारीपासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट मिळतो.

फासे मात्र ऊठसूट टाकायला लावू नका. दार उघडायला, चहा मागायला, जिना चढायला फासा नको. जमलं तरी मजा येईल आणि फसलं तरी मजा येईल, तिथेच टाका. नियमावरून वाद झाला तर गेम मास्टरने दहा सेकंदांत निकाल द्यायचा आणि पुस्तक खेळ संपल्यावर उघडायचं. हे शहाणपण आपल्या खेळाहून जुनं आहे. प्रशियाच्या सैन्यात 1824 साली राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याचा नकाशावरचा युद्धखेळ आला. त्याचे नियम पुढे इतके जडजड झाले की 1876 मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने सांगितलं, तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंच म्हणेल तो निकाल. पंच निष्पक्ष हवा, ही अट मात्र आली. तुम्ही राक्षसाच्या बाजूने नाही आणि खेळाडूंच्या विरुद्धही नाही. एखाद्याने तुमचा लाडका खलनायक पहिल्याच प्रसंगात रुळावर ढकलला तर ढकलू द्या.

टेबलावर एक जण सतत बोलतो आणि एक जण गप्प असतो, हे दर खेपेला होतं. गप्प बसलेल्याला ‘तू पण बोल ना’ म्हणू नका, तो आणखी आक्रसतो. त्याच्या पात्रासमोर काहीतरी आणून ठेवा: ‘नर्सबाई, डब्याच्या खिडकीतून तुम्हाला तुमचंच घर दिसतंय. काय करता?’ भाषेचा हट्टही धरू नका. रेल्वे कॉलनीतली पोरं अर्ध्या वाक्यात मराठीतून हिंदीत जातात, जाऊ द्या. चहावाल्याच्या तोंडी पुस्तकी वाक्य मात्र घालू नका.

भुताखेतांच्या आणि देवांच्या बाबतीत हात जरा राखून ठेवा. मुंजा, हडळ, गिऱ्हा, खवीस, समंध असा मोठा साठा आपल्याकडे आहे आणि तो खुशाल वापरावा. पण कोणाची गावदेवी किंवा कुलदैवत मारायचा राक्षस करू नका. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या वहाणा वाहतात, कारण देव रात्री गावच्या रक्षणासाठी फिरतो आणि वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. अशा देवाशी लढाई लावणं दुखावणारं आहे, आणि खेळ म्हणूनही फुसकं. एखाद्या गावच्या देवाच्या वहाणा चोरीला गेल्या आणि उजाडायच्या आत त्या परत ठेवायच्या आहेत, असं करा. बघा कशी धावाधाव होते.

अमेरिकेतल्या जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांची एक युक्ती लहान-मोठ्या सगळ्यांसाठी घ्याच. एका कार्डावर मोठी फुली काढून ते टेबलाच्या मध्ये ठेवायचं. गोष्टीतलं काही कोणाला सोसवेना, तर त्याने कार्डाला हात लावायचा. तो भाग तिथेच गाळायचा आणि कारण विचारायचं नाही. घरी नुकतंच कोणी गेलं असेल, कोणाला अंधाराची भीती असेल, जातीवरून किंवा बाईमाणसावरून एखादी गोष्ट नको तिकडे वळत असेल. शेजाऱ्यांना ते तोंडाने सांगणं जड जातं, उद्या लिफ्टमध्ये भेटायचं असतं.

आईबापांची काळजी मला समजते. 1980च्या दशकात अमेरिकेतही या खेळाने मुलं सैतानाच्या नादी लागतात अशी ओरड झाली होती, आणि ती हळूहळू विरली. पण ‘काळजी करू नका’ असं म्हणून कोणाची काळजी जात नाही. त्यांना शेजारी खुर्ची टाकून बसू द्या. वीस मिनिटांत ते पोराला सांगायला लागतात, ‘अरे, त्या मुकादमाच्या खिशात बघ!’ मग त्यांनाही एक पात्र द्या.

वेळ अडीच तासांहून जास्त ठेवू नका. सुरुवात धावपळीने करा: इतिहास सांगत बसू नका, गाडीचे दिवे यार्डात शिरताहेत तिथून उघडा. साडेनऊच्या आत आवरा, खालच्या मजल्यावरच्या काकांना झोपायचं असतं. आणि मंडळी चपला घालत असतानाच विचारून घ्या, ‘पुढच्या खेपेला तुम्ही कुठे जाणार? मुकादमाच्या मागे, की आजीकडे?’ जे म्हणतील तेवढ्याचीच तयारी करा.