दक्षिणेची लय : गणित की गाणे?

कर्नाटक संगीताची मैफल ऐकून बाहेर पडणारा मराठी रसिक पुष्कळदा एकच अभिप्राय देतो : ‘तयारी विलक्षण, पण सारे गणितच!’ हा अभिप्राय इतका रूढ झाला आहे की, तो एकदा तपासून पाहावा असेही कोणाला वाटत नाही. वस्तुतः ज्याला आपण गणित म्हणून बाजूला सारतो, त्याची लिपी आपण बहुधा वाचलेली नसते. आणि वाचली असलीच, तर ती केवळ डोळ्यांनी वाचलेली असते. दोष त्या संगीताचा नसून आपल्या वाचनाचा आहे.

पहिली अडचण आपल्याच सवयीची. भातखंडे पद्धतीत वाढलेल्या विद्यार्थ्याला तालाखाली शून्य दिसले की ‘खाली’ आठवते. कर्नाटक ताललेखनात शून्य म्हणजे ‘द्रुत’ हे दोन अक्षरांचे अंग होय : एक टाळी आणि एकदा हात उलटा करणे. उभी रेघ म्हणजे ‘लघु’. त्याची लांबी जातीप्रमाणे ३, ४, ५, ७ किंवा ९ अक्षरांची. आदिताल लिहिताना उभी रेघ, तिच्यापाशी ४ चा आकडा आणि पुढे दोन शून्ये मांडतात. ४ + २ + २ मिळून अक्षरे ८. हाताने दाखवायचे ते असे : टाळी, मग करंगळी, अनामिका, मधले बोट, त्यानंतर टाळी आणि उलटा हात, असे दोनदा. ही शून्ये ‘खाली’ समजून वाचणाऱ्याच्या हातून ताल निसटला, तर नवल नाही.

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू. प्रत्येक अक्षराच्या ४ मात्रा धरल्या, तर आवर्तन ३२ मात्रांचे होते. ‘त दि गि ण तों’ हा ५ मात्रांचा बोल तीनदा म्हणावयाचा आहे आणि दोन बोलांमध्ये अर्धविरामाचे चिन्ह आहे. या लिपीत स्वल्पविराम एका मात्रेचा आणि अर्धविराम दोन मात्रांचा. ५ + २ + ५ + २ + ५ मिळून १९ मात्रा झाल्या. ३२ मधून १९ वजा जाता १३ उरतात. म्हणून उठायचे ते चौदाव्या मात्रेवर, अर्थात मधल्या बोटाच्या दुसऱ्या मात्रेवर. हाच ‘मोरा’. आपल्या तिहाईचा तो सख्खा भाऊ आहे. फरक एवढाच की, तिहाईचा अखेरचा ‘धा’ सामान्यतः समेवर येतो, तर आपल्या उदाहरणात अखेरचा बोल आवर्तन पुरे करतो आणि समेची जागा गाण्यासाठी मोकळी ठेवतो.

हाच बोल ‘त दि , गि ण तों’ असा लिहिला की ६ मात्रांचा होतो; ‘त , दि , गि ण तों’ असा लिहिला की ७ मात्रांचा. अक्षरे पाचच राहिली, वाढले ते मौन. कागदावर नगण्य दिसणारा स्वल्पविराम येथे रचनेचे रूप पालटतो. ज्याला हे उमगले, त्याला त्या मैफलीत कोरडे आकडे ऐकू येणार नाहीत. उशिरा उठलेला बोल समेपर्यंत कसा पोहोचतो, याची हुरहूर ऐकू येईल.

मग लिपी शिकली की काम झाले काय? तसेही नाही. सुब्बराम दीक्षितांनी १९०४ साली ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध करून परंपरा कागदावर आणली. त्याच वर्षी दक्षिणेच्या प्रवासात पंडित भातखंडे त्यांना एट्टयपुरम् येथे भेटले, हे मराठी वाचकाने अवश्य लक्षात ठेवावे. तरीही दक्षिणेतील मृदंगाचा विद्यार्थी बोल प्रथम तोंडाने म्हणतो, हाताने ताल धरतो आणि मगच वाद्याला हात लावतो. आघाताचे वजन, बोलांतील श्वास, नादाची गोलाई या गोष्टी चिन्हांत मावत नाहीत. लिपी स्मृतीला आधार देते. गुरूची जागा घेत नाही.

आपल्याकडे मात्र हा क्रम उलटा झाला आहे. संगीताच्या परीक्षांत ताल दुगुण-चौगुणीसह कागदावर लिहून दाखवावा लागतो आणि रकाने बिनचूक भरणाऱ्या विद्यार्थ्याला गुण मिळतात. त्याच्या हाताला ती चौगुण ठाऊक असतेच असे नाही. अशा शिक्षणातून आलेल्या श्रोत्याला लय म्हणजे बेरीज वाटली, तर दोष कोणाला द्यावा?

उपाय खर्चिक नाही. शिक्षकांनी वर्गात आदितालाचा हात धरून वर दिलेला १९ मात्रांचा मोरा मुलांकडून म्हणून घ्यावा. पहिल्या दिवशी बहुतेकांची सम चुकेल. चार दिवसांनी ती आपोआप सापडेल. मग तीच रचना त्यांच्याकडून लिहून घ्यावी. हाताने जाणलेली लय कागदावर उतरली, तरच लेखनाला अर्थ. दक्षिणेची लय गणित की गाणे, याचा निर्णय तोवर राखून ठेवणे बरे.