निबंध आमचा, कुलूप कंपनीचे

रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात 2025-26 साठी दिवसाला 312 रुपये मजुरी ठरली होती. परदेशी कंपनीच्या जर्नलमधला एक वीस-पंचवीस पानांचा शोधनिबंध संगणकावर उघडायचा तर साधारण पस्तीस डॉलर, म्हणजे तीन हजार रुपये मोजावे लागतात. मंठा किंवा घनसावंगीच्या मजूर आईबापाचे हे दहा दिवस झाले. एका निबंधाने भागतही नाही. पीएच.डी.चा नुसता आराखडा लिहायचा म्हटले तरी चाळीस-पन्नास निबंध चाळावे लागतात.

हा भाव नेमका कशाचा? निबंध लिहिणाऱ्याला कंपनी सहसा एक रुपयाही देत नाही. तो तपासणारे प्राध्यापक ते काम फुकट करतात आणि त्यांचा पगार बहुतेक वेळा जनतेच्या करातून होतो. कंपनी मांडणी करते, कार्यालय चालवते, सर्व्हर सांभाळते. त्याला खर्च येतो, हे आम्ही नाकारत नाही. पण एल्सेव्हिअर ज्या समूहाची आहे, त्याच्या या विभागाचा नफा उत्पन्नाच्या 35 टक्क्यांच्या वर जातो. असा नफा खर्च भागवून उरत नसतो, तो मक्तेदारीतून येतो.

आणि या कुलपाआड काय काय आहे? मराठवाड्यातील गायरानाचा लढा, ऊसतोड मजुरांचे स्थलांतर, नामांतराच्या काळात जाळलेल्या वस्त्या. ज्यांच्या ओट्यावर बसून मुलाखती घेतल्या, ज्यांनी चहा पाजून आपले दुःख सांगितले, त्यांच्याच मुलाला तो निबंध वाचायचा तर आधी पैसे भर म्हणतात. ज्ञानबंदी आपल्याला नवी नाही. हे कुलूप जात विचारत नाही, हा फरक मान्य करू. ते पैसा आणि संस्थेचे नाव विचारते. ही दोन्ही पिढ्यानपिढ्या कोणाकडे नव्हती, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

यावर उत्तर तयार असते: सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आणले की! आणले, खरे आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी मंजुरी दिली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 जर्नल्स. पण अट वाचा. केंद्र किंवा राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था, एवढ्यांनाच. जालन्यात 2024 मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या व्याख्येत बसते. अंबड, परतूर, भोकरदन, जाफराबादची आमची बहुसंख्य मुले मात्र शिक्षणसंस्थांनी चालवलेल्या अनुदानित किंवा विनाअनुदानित कॉलेजांत शिकतात. फार काय, बाबासाहेबांनी 1945 मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे मिलिंद महाविद्यालयही सरकारी व्यवस्थापनाचे नाही! अनुदानित कॉलेजांसाठी इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट योजना आहे, पण तिची यादी वेगळी आणि लहान आहे. शिवाय 2027 नंतर पुन्हा करार, पुन्हा भाव, आणि तो भाव सांगणारे तेच.

सायहबची वाटही आता बंद आहे. एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी डिसेंबर 2020 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने ते संकेतस्थळ देशात बंद करण्याचा आदेश दिला. आम्ही त्यावर रडत बसणार नाही. चोरवाटेने मिळणाऱ्या वाचनापेक्षा हक्काची वाट मोठी, आणि ती आपल्या हातात आहे.

भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिखाणाचा पहिला मालक सर्वसाधारणपणे लेखकच असतो. हा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार आणि सही लागते. कलम 19 असेही सांगते की करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच कंपन्यांच्या फॉर्मवर ‘संपूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी’ हे शब्द आधीच छापलेले असतात. निबंध स्वीकारला गेल्याच्या आनंदात आमचे संशोधक तो फॉर्म न वाचताच सही करतात. बार्टीच्या फेलोशिपसाठी आझाद मैदानात दिवस काढलेला संशोधक अखेर आपल्या कष्टाचे फळ एका टिचकीत देऊन टाकतो!

बाबासाहेब असे करत नव्हते. 1936 मध्ये लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने अध्यक्षीय भाषणातले काही भाग गाळायला सांगितले, तेव्हा त्यांनी मजकूर बदलला नाही. परिषद रद्द झाली. त्यांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ स्वतःच्या खर्चाने छापले, 1,500 प्रती, आणि त्या दोन महिन्यांत संपल्या. किंमत होती आठ आणे. गांधींनी ‘हरिजन’मध्ये ती जास्त ठरवून दोन आणे, निदान चार आणे करा असे सुचवले होते. म्हणजे पुस्तकाच्या भावाचा वाद तेव्हाही झाला, पण भाव ठरवण्याचा हक्क लेखकाकडेच राहिला होता. मालकी सोडून दिलेल्या लेखकाला हा वाद घालायलाही जागा उरत नाही.

‘पैसे भरून निबंध सर्वांसाठी खुला करा’ हा दुसरा सापळा. ‘नेचर’ने 2021 मध्ये त्याचा दर 9,500 युरो ठेवला, म्हणजे आठ लाखांच्या वर. आणि दोन-तीन हजार घेऊन चार दिवसांत काहीही छापणाऱ्या बोगस जर्नल्सकडे तर फिरकूच नका. नोव्हेंबर 2022 च्या यूजीसी नियमावलीने पीएच.डी.पूर्वी निबंध छापण्याची सक्तीही काढून टाकली आहे.

मग करायचे काय? बहुतेक मोठे प्रकाशक लेखकाला त्याची स्वतःची अंतिम प्रत, म्हणजे परीक्षकांच्या सूचनांनंतर दुरुस्त केलेली पण कंपनीच्या मांडणीआधीची, खुली ठेवू देतात. कुठे लगेच, कुठे बारा ते चोवीस महिन्यांनी. कोणत्या जर्नलचा काय नियम, हे ‘ओपन पॉलिसी फाइंडर’ (पूर्वीचे ‘शेर्पा रोमिओ’) या मोफत संकेतस्थळावर दिसते. म्हणून वर्डची फाइल जपून ठेवा, फॉर्म वाचा, आणि ही प्रत ठेवण्याचा हक्क त्यात नसेल तर संपादकाला पत्र लिहून मागा. नकार आला तर दुसरे जर्नल पाहा.

पण एकेकट्याने किती लढायचे? 2009 पासून यूजीसीच्या नियमामुळे पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगेवर खुले होऊ लागले. तोच न्याय निबंधांनाही लावा, ही आमची डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे मागणी आहे. प्राध्यापकांच्या बढतीसाठी जे निबंध मोजले जातात, त्या प्रत्येकाची लेखक-प्रत विद्यापीठाच्या खुल्या संग्रहात असलीच पाहिजे. अधिसभेत आपल्या मतांवर निवडून गेलेल्यांना हा प्रश्न विचारा.

तोपर्यंत ज्या वस्तीतून माहिती घेतली, तिथल्या बुद्धविहारात आपल्या निबंधाचा चार पानी मराठी सारांश ठेवायला सुरुवात करू. आपल्या शब्दांत सारांश लिहायला कोणत्याही कंपनीची परवानगी लागत नाही.