हळदीतलं पिस्तूल

नाक्यावर एखादा पोरगा सापडतो. कमरेला गावठी कट्टा, खिशात दोन जिवंत काडतुसं. गुन्हा दाखल होतो, फोटो छापून येतो. योग्यच आहे. तलवारीने वाढदिवसाचा केक कापणाऱ्या गल्लीतल्या भाईवरही शस्त्र कायदा लागतो, तेही योग्यच.

माझं भांडण मांडवातल्या साहेबांशी आहे. मेव्हण्याची हळद, अंगात झुळझुळीत कुर्ता आणि मुद्दाम दिसेल असं खोचलेलं सरकारी पिस्तूल. विचारलं तर गुरगुरतात, "आम्हाला परवाना लागत नाही!"

कोण म्हणालं? १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ४५ उघडा. लोकसेवकाला सूट आहे, पण कर्तव्य बजावताना. सूट कामाला दिलीय, साहेबांच्या देहाला नाही. हळदीत कुठलं कर्तव्य बजावताय?

यावर त्यांचा हुकमी पत्ता निघतो: महाराष्ट्र पोलीस कायद्याप्रमाणे पोलीस सदैव कामावर असतो. बरं. मग रात्री अकराला तक्रार घेऊन गेलेल्या बाईला "ड्यूटी संपली, सकाळी या" असं कोण सांगतं? पिस्तूल मिरवायला चोवीस तास आणि तक्रार लिहायला आठच? निर्लज्जपणा आहे हा.

मुळात ही मिजास जुनी आहे. व्हाइसरॉय लिटनच्या काळातल्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाच्या हाती परवान्याचा कागद दिला आणि युरोपियनांना मोकळं सोडलं. तो अपमान इतका झोंबला होता, की १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. गोरा साहेब गेला. त्याचा तोरा मात्र आमच्या साहेबांनी वारसाहक्काने उचलला.

आणि सरकारी हातातली बंदूक आपोआप सुरक्षित असते, हे मला कुणी ऐकवू नये. ३१ जुलै २०२३ ला जयपूर-मुंबई गाडीत पालघरजवळ चार माणसं मेली. गोळ्या झाडल्याचा आरोप रेल्वे सुरक्षा दलाच्याच जवानावर आहे, आणि ती रायफल सरकारी होती. परवान्याचा प्रश्नच नव्हता! म्हणूनच हत्यार कुणी, कधी, कशासाठी बाहेर नेलं, याचा हिशेब सरकारी माणसाकडून जास्त कडक घ्यायला हवा.

तेव्हा साहेब, ताट बाजूला ठेवा. शस्त्रागाराच्या नोंदवहीत आज या पिस्तुलापुढे कुठलं काम लिहिलंय, ते सांगा.