मे महिन्यातले रण आणि आपली सहल

मार्चअखेरची बँकेची क्लोजिंग आटोपली की आमच्या घरी सहलीचे बेत सुरू होतात. आम्हा बँकेतल्या कारकुनांची रजा, मुलांची सुट्टी आणि एलएफसीची मुदत या तिन्हींचा मेळ बसतो तो मे महिन्यातच. यंदा आपल्या मंडळातही तोच विषय निघाला आहे. दोन-तीन गाड्या करून सिल्वासा ते भूज आणि तिथून खावडामार्गे धोलावीरा. बेत चांगला आहे, पण महिना चुकीचा आहे. हे काही सभासदांना रुचणार नाही, तरी मांडणे भाग आहे, कारण ही चूक आम्ही स्वतः करून बसलो आहोत.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोन कुटुंबे मे महिन्यात भाड्याची गाडी करून कच्छला निघालो. सिल्वासा ते भूज अंतर सुमारे 700 किलोमीटर. पहाटे चारला निघायचे आणि रात्री भुजेत जेवायचे, असा आमचा हिशेब. अहमदाबादपर्यंत सगळे ठीक चालले. सुरजबारीचा पूल अजून पुढे असताना भर दुपारी टायर फुटला. आजूबाजूला झाड नाही आणि बाटल्यांत पाणी तळाशी. चाक बदलेपर्यंत बरोबरचे वयस्कर काका असंबद्ध बोलू लागले. मधुबन धरण आले का, असे पुन्हा पुन्हा विचारू लागले. आम्ही आधी हसलो, मग घाबरलो. पुढच्या ढाब्यावरच्या माणसांनी त्यांना सावलीत निजवले, अंगावर पाणी ओतले, ओले पंचे टाकले आणि 108 ला फोन केला. काका वाचले. त्याचे श्रेय आमच्या नियोजनाला नाही, त्या ढाब्यावाल्यांना आहे.

त्या दिवशी आम्ही सगळा राग ड्रायव्हरवर काढला. नंतर कळले की तो आदल्या रात्री एक वऱ्हाड पोहोचवून आला होता आणि जेमतेम दोन तास झोपला होता. गाडी ठरवताना आम्ही एसी चालतो का, किलोमीटरला भाव काय, कॅरिअर आहे का, हे सगळे विचारले. तू झोपलास कधी, हे मात्र कोणी विचारले नाही. मोटार परिवहन कामगारांसाठी 1961 च्या कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. आम्ही स्वतः काउंटरवर पाच मिनिटे जास्त बसावे लागले तर कुरकुर करतो, आणि त्या माणसाकडून बारा तासांची अपेक्षा धरतो.

ऊन म्हणजे केवळ गैरसोय, हा समज आता सोडला पाहिजे. मे 2010 मध्ये अहमदाबादचा पारा 46.8 अंशांवर गेला आणि त्या महिन्यात शहरात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले. त्यातून धडा घेऊन 2013 मध्ये तिथल्या महापालिकेने उष्णतेसाठी कृती आराखडा केला. राजस्थानातल्या फलोदीत 19 मे 2016 रोजी 51 अंश तापमान नोंदले गेले. दवाखाने आणि सावली असलेल्या शहराची ही कथा, तर रणातल्या रस्त्यावर काय होईल?

यावर दोन उत्तरे हमखास मिळतात. पहिले असे की मे महिन्यात खोल्या स्वस्त मिळतात. मिळणारच, कारण जाणकार लोक तेव्हा तिकडे फिरकत नाहीत. रणोत्सव हिवाळ्यात भरतो, तो उगीच नाही. दुसरे उत्तर अधिक भावनिक असते. 1954 साली आपल्या माणसांनी भर पावसाळ्यात हा मुलूख सोडवला आणि आपण उन्हाला भ्यायचे? पण तो इतिहास नीट आठवून पाहा. 22 जुलैला दादरा, महिनाअखेरीस नरोली आणि 2 ऑगस्टला सिल्वासा. एकेक टप्पा पक्का करून ती माणसे पुढे सरकली. शिवाय त्यांच्यापुढे कारण होते. आपण फोटो काढायला चाललो आहोत.

ज्या धोलावीराला जायचे, त्या गावानेच आपल्याला शिकवावे अशी स्थिती आहे. 2021 मध्ये जागतिक वारसा ठरलेले हे हडप्पाकालीन नगर मनसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांच्या मध्ये वसले. ओढ्यांचे पाणी अडवून ते खडकात खोदलेल्या टाक्यांत साठवले जाई. पाणी कुठून येणार आणि किती दिवस पुरणार, याचा हिशेब त्यांनी चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी मांडला होता. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर असून बाटल्या मोजल्या नाहीत.

म्हणून मंडळाच्या बैठकीत आम्ही पुढील सूचना मांडणार आहोत. सहल नाताळच्या सुट्टीत न्यावी. शाखेत रजा आळीपाळीने मिळते, आतापासून अर्ज केला तर डिसेंबरची मिळू शकेल. ज्यांना मे महिन्यातच जाणे भाग आहे, त्यांनी अहमदाबादला मुक्काम करावा आणि सकाळी दहानंतर रणाच्या रस्त्यावर राहू नये. माणशी दिवसाला किमान पाच लिटर पाणी, शिवाय ओआरएसची पाकिटे आणि एक जादा चाक बरोबर ठेवावे. रात्री ड्रायव्हरला झोपायला खोली द्यावी आणि तिचे पैसे वर्गणीतच धरावेत. रणात अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, तेव्हा मार्ग आणि पोहोचण्याची वेळ घरी लिहून द्यावी. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात जाणाऱ्यांना पहिला नियम सांगतात तो असा, की गाडी बंद पडली तर ती सोडून चालत निघू नका. आपणही तो पाळावा.

ते काका आजही संध्याकाळी दमणगंगेच्या काठी फिरायला येतात. यंदाच्या बेताची बातमी त्यांनाही लागली आहे. आपले नाव घालू का, असे त्यांनी आम्हांस विचारले. डिसेंबर ठरला तर जरूर घाला, असे आम्ही सांगितले आहे. सभासदांनी बैठकीला येताना याचा विचार करून यावे, ही विनंती.