दोन मिनिटांचे विमान आणि आपली मिरची



स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाचा बेटांचा पुंजका आहे. माणसे आपल्यासारखीच, गुरेढोरे पाळणारी. त्यातल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन लहान बेटांमध्ये 1967 पासून विमान चालते. अंतर किती? 2.7 किलोमीटर! आपल्याकडे एवढ्या लांब शेत असले तर माणूस डोक्यावर भाकरीचे गाठोडे घेऊन पायी जातो. पण तिथे मध्ये समुद्र. वेळापत्रकात या उड्डाणाला दोन मिनिटे दिली आहेत, आणि वारा पाठीशी असताना 53 सेकंदांत पोचल्याचीही नोंद आहे.

आता ही दोन मिनिटे कुठून कुठवर मोजली? नुसती हवेतली. घरून निघणे, विमानाची वाट पाहणे, उतरून मुक्कामाला जाणे हे त्यात नाही. नागपूर-मुंबई विमानाचेही तसेच. तिकिटावर दीड तास लिहिलेला असतो, पण घर ते घर अर्धा दिवस सहज जातो.

हे सारे सांगतो आहे ते समृद्धी महामार्गासाठी. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटरचा हा रस्ता 5 जून 2025 रोजी पूर्ण खुला झाला. आपल्या मेहकर, सिंदखेडराजा भागातून तो जातो. त्याची दोन टोके नकाशावर पट्टीने जोडली तर साडेसहाशेच्या आसपास किलोमीटर भरतात, म्हणजे रस्त्याला वळसा फारसा नाही. ‘नागपूर-मुंबई आठ तास’ हे सर्वांच्या तोंडी झाले. पण ते आठ तास मोटारगाडीचे बरे का! मालगाडीला तिथे ताशी 80 ची मर्यादा आहे. ट्रॅक्टर आणि दुचाकीला तर प्रवेशच नाही. शिवाय शेताच्या बांधावरून महामार्ग दिसत असला तरी चढायचे ते ठरलेल्या ठिकाणीच. कधी कधी त्यासाठी उलट दिशेला जावे लागते.

समजा, सिंदखेडराजाकडून हिरवी मिरची वाशीला धाडायची आहे. महामार्गावरचेच अंतर साडेतीनशेच्या वर, म्हणजे नुसती चाके फिरायला साडेचार तास. त्यात तोडणी, निवड, पोती भरणे, गावरस्ता, चालकाचा चहा-जेवण, महामार्ग संपल्यावर वाशीपर्यंतची गर्दी आणि बाजारातली रांग मिळवा. तोडलेली मिरची श्वास घेतच असते आणि दाबून भरलेल्या पोत्यात आतून तापते. तिचे घड्याळ गाडी सुटल्यावर नव्हे, देठ तुटल्यावर सुरू होते.

म्हणून वेळ उलटा मोजावा. पहाटेच्या बाजाराला माल कधी लागायला हवा तिथून मागे येत तोडणी ठरवा. उन्हाच्या भरात तोडू नका. तोडलेला माल लगेच निंबाच्या सावलीत पातळ पसरा. पोती ठासू नका, आणि ताडपत्री चारी बाजूंनी आवळून हवा कोंडू नका. दोन-तीन खेपांच्या वेळा मुलांना वहीत लिहायला सांगा: पहिले देठ तुटले तेव्हा, गाडी हलली तेव्हा, काट्यावर माल चढला तेव्हा. पुढच्या वेळी गाडीवाला “सहा तासांत पोचवतो” म्हणाला, की ती वही त्याच्यापुढे ठेवून भाडे ठरवा.