‘सुई सोसली नाही’ एवढ्यावर भागवू नका, औषधाचं नाव लिहून द्या!

मंडळी, आपल्या जव्हार-मोखाड्यात इंजेक्शननंतर कुणाच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली, की घरच्यांना एवढंच कळतं: ‘सुई सोसली नाही’. कुठली सुई? ते कुणालाच ठाऊक नसतं. केसपेपर पावसात भिजतो, नाहीतर हरवतो.

दिवाळीनंतर हीच माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. तिथं ताप आला की नवा डॉक्टर, नवा कागद. त्यानं नेमकं तेच पेनिसिलिन किंवा डायक्लोफेनॅक टोचलं तर? ॲलर्जी असलेल्याचा जीव काही मिनिटांत जाऊ शकतो.

यावर पहिला उपाय म्हणजे ॲड्रेनालिन, मांडीच्या स्नायूत. औषध जुनं आणि स्वस्त आहे. सर्पदंशाची लस घोड्याच्या रक्तापासून बनते, तिचीही रिॲक्शन येते. म्हणून लस टाळायची नसते, ॲड्रेनालिन हाताशी ठेवून द्यायची असते.

आरोग्य खात्याकडे मागणी साधी आहे:
1. रिॲक्शन आलेल्या औषधाचं नाव लाल शाईनं जाड कार्डावर, मराठीत लिहून द्या.
2. प्रत्येक उपकेंद्रात मुदतीतलं ॲड्रेनालिन ठेवा, नर्सताईंना ते द्यायचं प्रशिक्षण द्या.
3. प्रत्येक रिॲक्शनची नोंद वर कळवा. 1800-180-3024 या टोल फ्री नंबरवर रुग्णालाही कळवता येतं.

आणि आपण? इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबा, जीप सुटली तर सुटू द्या. कार्ड आधारसोबत ठेवा. भट्टीवर जाताना ते आधी पिशवीत टाका.