जुनी दुनळी, नवा मालक आणि डुकरांची आचारसंहिता

पोस्ट मोठी आहे. ज्यांनी रानडुक्कर फक्त रीलमध्ये पाहिलाय त्यांनी इथूनच खाली सरकलं तरी चालेल.

गणपती झाले, भात पोटरीला आलं, की आमच्याकडे सिंधुदुर्गात पत्रकाराला दोन प्रकारचे फोन यायला लागतात. पहिला मोठ्या आवाजात: "डुकरांनी अख्खो कोपरो लोळवल्यानी, फोटो काढूक येवा." दुसरा हळू आवाजात: "तुमची कलेक्टर ऑफिसात वळख आसा मां? एक जुनी बंदूक मिळताहा." यंदा दुसऱ्या प्रकारचे फोन जास्त आहेत. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको. आणि सांगता सांगता सरकारलाही चार शब्द.

आधी एक गोष्ट स्पष्ट. आपल्याकडे ज्या जुन्या बंदुका विकायला निघतात त्यातल्या बऱ्याचशा मुळात शिकारीच्या. कोणाच्या आजोबांनी इंग्रजांच्या काळात घेतलेली विलायती दुनळी, कोणाच्या खोताच्या घरातली बेल्जियमची एकनळी, एखाद्याकडे ईशापूरची ३१५ रायफल. १९७२ ला वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार संपली. बंदुका मात्र राहिल्या. परवान्यावर 'शेतीसंरक्षण' किंवा 'स्वसंरक्षण' लिहून त्या पुढच्या पिढीकडे गेल्या. दसऱ्याला झेंडूचं फूल वाहायचं, एरवी माळ्यावर. आता तिसऱ्या पिढीतला मुलगा डोंबिवलीला, त्याला बंदूक नको. आणि शेजारच्या वाडीत जो अजून नांगर धरतो त्याला ती हवी आहे. बाजार असा तयार झालाय.

रायफलच्या मागे लागू नका, हे पहिल्यांदा सांगतो. रायफलची गोळी लांब जाते, आणि आपल्या वाड्या एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की हुकलेली गोळी कोणाच्या पडवीत जाईल सांगता येत नाही. कायदाही शेतकऱ्याला वेगळंच हत्यार देतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ वाचा. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली तर परवाना 'द्यावा' असं तिथं आहे. ठासणीनं भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते, नळी किमान २० इंची हवी. आता हा 'द्यावा' कागदावर किती वर्षं झोपलाय ते विचारू नका. पोलिसांचा अहवाल ३० दिवसांत जायला हवा असं नियम म्हणतो. माझ्या ओळखीत एकाचा अहवाल दोन भातकापण्या बघून गेला.

आता ती जुनी दुनळी. मागच्या वर्षी ओळखीच्या एका शेतकऱ्यानं घेतली, त्याचा सगळा प्रवास मी जवळून पाहिला. मूळ मालक वारले होते. इथं बहुतेक घरं चुकतात. वडील गेले, बंदूक माळ्यावर तशीच, परवाना कपाटात. 'आपल्याच घरातली हा, कोण इचारतलो?' तसं नाही. ज्याच्या नावावर परवाना तो गेला की ती बंदूक घरात ठेवणं हा गुन्हा. ती पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. जमा केल्यावर वारसाला दोन रस्ते: स्वतः परवाना काढून परत घेणं, किंवा ज्याच्याकडे परवाना आहे त्याला विकणं. ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही तर बंदूक सरकारजमा. बाबा हयात असतील तर आणखी सोपं आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तरीचा झाला, किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं असली, की तो वारस नेमून तिला त्याच्या नावावर परवाना मिळवून देऊ शकतो. हे लोकांना कोणीही सांगत नाही. तहसीलच्या भिंतीवर शौचालय योजनेचा बोर्ड आहे, हा का नाही?

जिवंत मालकाकडून थेट घेणार असाल तर विकणाऱ्यानं जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. घेणाऱ्याकडे आधी परवाना हवा. 'पैसे देऊन ठेवतो, कागद मागनं करू' हा प्रकार कुंपणाच्या तारेसाठी ठीक आहे, बंदुकीसाठी नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका, पूर्वीसारख्या तीन नाहीत.

किंमत ऐकून हसाल, चांगल्या मोबाईलपेक्षा कमी. पण खरा खर्च पुढे.

दुनळी बघताना काय बघायचं हे मला एका निवृत्त माणसानं शिकवलं, ज्यांनी आयुष्यभर पोलीस मुख्यालयात हत्यारं दुरुस्त केली. लाकडाची चकाकी बघू नका, म्हणाले, ती कोणीही जवसाचं तेल चोळून आणतो. आधी बंदूक उघडून रिकामी आहे ना ते दोनदा बघा. मग पुढचं लाकूड काढा, बंदूक बंद करा आणि नळ्यांची मागची बाजू उजेडासमोर धरा. नळी आणि तिच्यामागची सपाट भिंत यांच्या फटीतून उजेड दिसला तर सांधा झिजलाय. बंदूक हलवून बघा, खुळखुळली तर तेच. नळीतून आकाश बघा. आतली चकाकी वर्तुळासारखी सरळ दिसायला हवी, वाकडी सावली दिसली की तिथं पोचा आहे. काळे खड्डे म्हणजे गंज. गंज पुसता येतो, खड्डा बुजत नाही. मुठीजवळ, जिथं लाकूड सगळ्यात बारीक असतं, तिथं नखानं तडा शोधा.

सगळ्यात महत्त्वाचं नळीच्या खाली असतं: शिक्के. जुन्या विलायती नळ्या सरकारमान्य ठिकाणी चाचणी घेऊन शिक्का मारलेल्या असत. काही नळ्या फक्त काळ्या दारूसाठी तपासलेल्या, काही आजच्या बिनधुराच्या दारूसाठी. ज्या नळीवर लाटांसारखी सुंदर नक्षी दिसते, दमास्कस म्हणतात ती, ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून बनवलेली. बघायला देखणी, पण आजचं काडतूस त्यात घालणं म्हणजे हाताची बोटं पणाला लावणं. दुसरी भानगड काडतुसाच्या लांबीची. बऱ्याच जुन्या विलायती दुनळ्यांचं घर अडीच इंची, आजचं काडतूस पावणेतीन इंची. आत बसतं. बसलं म्हणून घातलं की उडताना त्याची दुमड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. आमच्या शेतकऱ्याच्या दुनळीत सांधा ढिला होता, एक सुई झिजली होती आणि डाव्या घोड्याची स्प्रिंग गेली होती. नळ्या मात्र पोलादाच्या, आत स्वच्छ. म्हणजे दुरुस्त होण्यासारखी.

दुरुस्त कुठे करायची?

इथून माझी तक्रार सुरू होते. आमच्या तालुक्यात बंदूक दुरुस्त करायचा परवाना असलेला एकही माणूस नाही. हात असलेले आहेत. लोहारकाम करणाऱ्या घरांत अजून दोन-तीन म्हातारे असे आहेत की स्प्रिंगला पाणी कसं द्यायचं हे त्यांना डोळे मिटून कळतं. पण शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक दुरुस्त करणं हा बंदूक बनवण्याइतकाच गुन्हा, आणि २०१९ नंतर त्याला किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. म्हणजे गावठी कट्टे बनवून विकणारा आणि परवान्याच्या दुनळीची स्प्रिंग बदलणारा सत्तरीचा लोहार, दोघांची रांग एकच. कट्टेवाल्याला जन्मठेप द्या, टाळ्या वाजवू. पण लोहाराला त्याच कलमात बसवायचं असेल तर सरकारनं त्याला परवाना मिळवायची वाट तरी दाखवायला हवी. ती वाट मुंबईतल्या दुकानाच्या मापानं आखलेली आहे. म्हाताऱ्याच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीखही धड नाही.

परिणाम काय होतो ते सांगतो. काही जण बंदूक घेऊन परजिल्ह्यातल्या दुकानात जातात, दोन फेऱ्या, दोन दिवसांची मजुरी, शिवाय सुटा भाग मिळेपर्यंत महिने. काही जण रात्री लोहाराकडे जातात. आणि बाकीचे तशीच वापरतात. ढिल्या सांध्याची, झिजलेल्या सुईची बंदूक तशीच वापरतात! सुरक्षिततेच्या नावानं केलेल्या कायद्यामुळे वाडीतली बंदूक जास्त असुरक्षित झालीय.

वर निवडणुका. २०२४ मध्ये मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत लोकसभेची आचारसंहिता, बंदुका जमा. ऑक्टोबरच्या मध्यापासून विधानसभेची, पुन्हा जमा. ऑक्टोबर म्हणजे काय हे मंत्रालयात कोणाला माहीत असेल तर ठीक, आमच्याकडे तो भातकापणीचा महिना. त्या दिवसांत पोलीस ठाण्यासमोरच्या रांगेत एक काका म्हणाले ते अजून डोक्यात आहे: "आमी आचारसंहिता पाळतो. पण डुकरांका ती कोण वाचून दाखवतलो?"

सरसकट जमा करायची गरजच नाही. मुंबई उच्च न्यायालयानं २००९ मध्येच हे सांगितलंय, आणि कोणाची बंदूक जमा करायची ते ठरवायला छाननी समिती असते. गुन्हे दाखल असलेले, जामिनावर असलेले, पूर्वी निवडणुकीत दंगा केलेले, यांच्या जमा करा. पण समिती बसवून एकेक नाव बघण्यापेक्षा सगळ्यांना एकच नोटीस काढणं सोपं. आणि जमा झालेली बंदूक कुठे राहते? ठाण्याच्या कोठीत, आमच्या दमट हवेत, तेलाचा हात न लागता. आमच्या शेतकऱ्यानं परजिल्ह्यातून दुरुस्त करून आणलेली दुनळी परत मिळाली तेव्हा नळीत बोट फिरवलं तर तांबडं झालं. खर्च कोणी दिला? कोणी नाही.

आता दुसरी बाजू, कारण कमेंटमध्ये ती येणारच आहे आणि ती खरी आहे. बंदुकीच्या बातम्या मीच लिहितो. रात्री पारधीला गेलेल्या चौघांतला एक सावज समजून मारला गेला, ही बातमी मी एकदा नाही लिहिलेली. ठासणी भरून खुंटीला टांगली आणि पोरानं हात लावला, हीही लिहिलीय. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर सांबराचं मटण खाणारे आमच्या तालुक्यात आहेत आणि ते कोण हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे 'मागेल त्याला बंदूक' असं भाषणात म्हणणाऱ्या पुढाऱ्यांशी माझं जमत नाही. परवाना मिळाला म्हणजे डुक्कर मारायची परवानगी मिळाली असंही नाही, त्यासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते. गवा तर पहिल्या अनुसूचीतला, त्याचं नाव काढू नका. बहुतेक शेतकऱ्यांना मारायचंही नसतं. दोन बार काढून कळप रानात परतवला की त्यांची झोप पूर्ण.

पण बंदूक काढून घेतल्यावर तो शेतकरी हात बांधून बसत नाही, हेही बंदुकीला नावं ठेवणाऱ्यांनी समजून घ्यावं. तो कुंपणाला वीज सोडतो. त्या तारेला डुक्कर कधी लागतो, कधी शेजाऱ्याची म्हैस, कधी शेजारी. नाहीतर पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब. तो गाय चावते, कुत्रा चावतो. परवान्याच्या बंदुकीला नंबर असतो, मालकाचं नाव असतं, काडतुसांचा हिशेब असतो. तारेला यातलं काय असतं?

केरळानं २०२२ मध्ये रानडुकरांबाबत अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे दिले आणि परवानाधारक बंदूकवाल्यांना त्यात घेतलं. तिथं सगळं छान चाललंय असा माझा दावा नाही, पण कोणाच्या हातात बंदूक आहे आणि ती कुठे वाजते हे गावाला माहीत तरी असतं.

मी मागतोय ते त्याहून साधं आहे. वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि भात पोटरीला यायच्या आधी, तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्ती शिबिर घ्या. डोळे तपासणीचं घेता तसं. परवानाधारक कारागीर बाहेरून बोलवा, पोलीस मुख्यालयातला आर्मोरर सोबत बसवा, प्रत्येक बंदूक तपासा. दुरुस्त होण्यासारखी असेल ती करा, दमास्कस नळीची किंवा फुटायला आलेली असेल तर मालकाला तिथंच सांगा की ही आता भिंतीवर. त्याच दिवशी परवान्याचे, वारसाचे कागद बघा. म्हाताऱ्या लोहारांच्या हाताखालच्या एखाद्या पोराला दुरुस्तीचा परवाना मिळेल अशी सोय करा. आणि निवडणुकीत छाननी समितीनं खरोखर छाननी करावी.

हे निवेदन आमसभेत द्यायचं ठरवलंय, मसुदा झालाय. तालुक्यातल्या परवानाधारकांनी आपल्या बंदुकीची अवस्था, दुरुस्तीला किती दिवस लागले आणि निवडणुकीनंतर ती कशी परत मिळाली हे मला लिहून पाठवा, नाव देणार नाही. आणि ज्यांच्या घरी परवानाधारक गेल्यानंतरही बंदूक माळ्यावर आहे त्यांनी पोस्ट शेअर वगैरे नंतर करा, उद्या सकाळी आधी ती ठाण्यात नेऊन जमा करा आणि पोच घ्या.